उद्योग आणि घर : घरच्या हाताची मजुरी

‘आपल्या लोकांना धंदा जमावयाचा नाहीं’ हें वाक्य आपल्या घरांतून इतक्या वेळां उच्चारलें जातें, कीं तें खरें किंवा खोटें हें पाहण्याची तसदी सहसा कोणी घेत नाहीं. मुलानें धंद्याचें नांव काढलें, कीं वडील मंडळी ‘भांडवल कोठून आणणार?’ एवढेंच विचारतात. हा प्रश्न वावगा आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु कारखान्यांत माणसांना कसें वागविलें जातें, यावरही धंद्याचें तरणें-बुडणें अवलंबून असतें, आणि याच गोष्टीविषयीं या महिन्यांत वाचकांशीं चार शब्द बोलावे असा आमचा मानस आहे.

गेल्या माघांत कांहीं कामानिमित्त आमचा मुक्काम पेणला लागून असलेल्या रामवाडींत होता. एस.टी.च्या रायगड विभागाचें कार्यालय येथेंच आहे, त्यामुळें रस्त्यावर दिवसभर वर्दळ. चतुर्थीला सहा-सात महिने अवकाश होता. तरीही आसपासच्या कारखान्यांतून गणपतीच्या मूर्तींच्या रांगाच्या रांगा वाळत होत्या. परदेशीं जावयाचा माल बोटीनें जातो, म्हणून तो आधीं निघावा लागतो. पेण शहर, तसेंच पनवेल-रोहा लोहमार्गावरील हमरापूर, शेजारचें जोहे, कळवे अशा गांवांतून हा धंदा पसरला आहे. त्याचा आरंभ सांगतांना देवधर घराण्याचें नांव आदरानें घेतलें जातें. १८९३ च्या सुमारास लोकमान्य टिळकांनीं गणेशोत्सवास सार्वजनिक रूप दिलें, त्यानंतर मागणी वाढत गेली. आज येथून रंगविलेल्या मूर्ति जातात, तशाच न रंगविलेल्या कच्च्या मूर्तिही गांवोगांवीं जातात.

अशा धंद्यांत स्पर्धा किती असेल, याची कल्पना वाचकांस सहज येईल. एकाच्या कारखान्यांत शिकलेला कारागीर चार वर्षांनीं स्वतःचा कारखाना काढतो. कोणीही एक मूर्ति विकत न्यावी, तिच्यावरून रबराचा साचा उतरवावा, आणि पुढच्या आठवड्यांत तशाच मूर्ति ओतावयास लागावें. अर्थात् आकार हें कोणाचेंही गुपित राहत नाहीं. साच्यानें जें उतरत नाहीं तें एकच : रंगकाम, आणि त्यांतही डोळ्यांची आखणी. भुंवई आणि पापणी यांची रेघ केसभर चुकली, तर मूर्तीचा चेहरा रुसल्यासारखा दिसतो व गिऱ्हाईक ती उचलीत नाहीं.

आम्ही ज्या कारखान्यांत गेलों, तो दोघां भावांचा आहे. थोरल्याची पत्नी आखणीला बसते. तिच्या हाताखालीं बाहेरच्या पांच-सहा मुली शिकल्या आहेत. दोन वर्षांपूर्वीं एका व्यापाऱ्यानें मोठी मागणी आणली, परंतु भाव पाडून मागितला. थोरले भाऊ घेण्याच्या बाजूचे होते. बँकेचा हप्ता तोंडावर आला होता, आणि आपण नाहीं म्हटलें तर शेजारचा घेणार हें उघड होतें. धाकटे म्हणाले, “दादा, आधीं वहिनींची मजुरी वहींत मांडूं, मग ठरवूं.” थोरले हंसले. “घरच्या माणसाची मजुरी कोण लिहितो रे?” तेव्हां वहिनी कुंचला खालीं न ठेवतांच म्हणाल्या, “मोजा तरी. द्यायची कीं नाहीं तें मागाहून पाहूं.”

त्यांनीं मोजलें. खरे आंकडे त्यांच्या घरचे आहेत. आम्ही येथें नमुन्यादाखल सोपे आंकडे घेतों. समजा, एका मूर्तीस १०० रुपये भाव येतो. साहित्य, रंग, जागेचें भाडें, व्याज मिळून ५५ रुपये आणि बाहेरच्या कारागिरांची मजुरी २०. राहिले २५. हा नफा, असें मालक समजतो. आतां व्यापारी १२ रुपये कमी करावयास सांगतो. तरीही १३ राहतात, मग मागणी कां सोडावी? परंतु घरच्या स्त्रीनें जें काम केलें, त्यास बाहेर १८ रुपये पडले असते. ते धरले, तर पहिला नफा २५ नसून ७ होता, आणि नव्या भावांत दर मूर्तीमागें ५ रुपये तोटा आहे. हा तोटा व्यापारी भरीत नाहीं, बँकही भरीत नाहीं. घरांतील एक बाई रात्रीं जागून भरते, आणि वहींत त्याचा कोठेंच पत्ता नसतो.

त्या वर्षीं त्यांनीं ती मागणी नाकारली. मिळकत कमी झाली, आणि हप्त्यासाठीं थोरल्या भावांना नातेवाइकांकडे हात पसरावा लागला. हें आम्ही लपवीत नाहीं. पुढच्या वर्षीं तोच व्यापारी निम्मी मागणी यांच्या भावानें घेऊन आला. उरलेली निम्मी तो अजूनही दुसरीकडून, स्वस्तांत घेतो. तेव्हां या गोष्टीचा शेवट सर्वस्वीं गोड झाला असें नाहीं. परंतु कारखान्याची रीत त्या दिवसापासून बदलली. आखणीचा दर घरच्यांस आणि बाहेरच्यांस एकच झाला व तो भिंतीवर लिहिला गेला. शिकाऊ मुलीनें आधीं फुटक्या मूर्तींवर हात बसवावयाचा, आणि पुढें तिच्या हातून एखादी मूर्ति बिघडली तर मजुरी कापावयाची नाहीं, असें ठरलें. चतुर्थीनंतरच्या मंदींतही रंगारणींना साचे दुरुस्त करण्याचें, नवे नमुने करण्याचें काम मिळूं लागलें. आणि जितके हात आहेत तितक्याच मूर्तींची मागणी घ्यावयाची, हा नियम झाला.

यांतील शेवटची गोष्ट वरवर पाहतां व्यापाराच्या विरुद्ध वाटते. परंतु श्रावणांत जेव्हां सर्वच कारखान्यांत घाई उडते, तेव्हां केवळ हंगामापुरती बोलाविलेली रंगारीण दोन रुपये जास्त देणाऱ्याकडे निघून जाते. वर्षभर जिचा मान आणि पोट सांभाळलें, ती सहसा जात नाहीं. प्रतिस्पर्ध्यास साचा चोरतां येतो. दहा वर्षें एका ठिकाणीं बसलेला हात चोरतां येत नाहीं. म्हणून माणसें सांभाळणें आणि स्पर्धेस तोंड देणें हीं दोन निरनिराळीं कामें आहेत, असें आम्हांस वाटत नाहीं.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचें उदाहरण पुष्कळांच्या ऐकण्यांत असेल. लोखंडानें जमीन विषारी होते, असें म्हणणाऱ्या शेतकऱ्यांना त्यांना आपला नांगर विकावयाचा होता, आणि स्पर्धा होती विलायती कारखान्यांच्या नांगरांशीं. बेळगांवची जागा सोडावी लागल्यावर १९१० सालीं औंध संस्थानच्या अधिपतींनीं दिलेल्या माळावर ते गेले. तेथें त्यांनीं कारखान्याबरोबरच कामगारांची वसाहत उभी केली, आणि शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर पहाऱ्याचें काम विश्वासानें सोंपविलें. निवडुंगाच्या त्या माळाचें किर्लोस्करवाडी झालें. हें केवळ औदार्य होतें असें समजणाऱ्यांनीं, ओसाड माळावर कुशल कारागीर दुसऱ्या कोणत्या उपायानें टिकले असते, याचा विचार करावा.

पेणला आज हाच विचार आणखी एका कारणानें करावा लागत आहे. प्लास्टरची मूर्ति हलकी असते व घटकाभरांत घट्ट होते. शाडूची जड, वाळावयास दिवसगत लागणारी, तडकणारी. परंतु प्लास्टर पाण्यांत विरघळत नाहीं. म्हणून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें २०२० सालीं त्याविरुद्ध नियम केले. पुढें जून २०२५ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें मूर्ति घडविण्यास व विकण्यास मुभा दिली. मात्र नैसर्गिक जलाशयांत विसर्जन परवानगीवांचून नाहीं असें ठरविलें, आणि मोठ्या मूर्तींविषयीं त्यानंतर निराळे आदेश झाले. नियम असे बदलत असतां ज्या कारखान्याजवळ साच्यांखेरीज कांहीं नाहीं, तो गडबडतो. जेथें माती मळण्यापासून आखणीपर्यंत सर्व जाणणारीं माणसें टिकून आहेत, तेथें प्लास्टरकडून शाडूकडे वळणें अवघड असलें तरी अशक्य नाहीं.

यावर कोणी म्हणेल, कीं वहींत मजुरी लिहिल्यानें पैसा वाढत नाहीं. खरें आहे. परंतु कोणता व्यवहार सोडावा हें तिच्यामुळें कळतें, आणि एकत्र कुटुंबाच्या धंद्यांत बहुतेक वेळां हेंच कळत नाहीं. आपल्या कित्येक घरांत मसाल्याचा, खाऊचा, शिकवणीचा लहानमोठा उद्योग चालतो. तेथें आजी निवडते, सून तळते, धाकटा दीर डबे पोंचवितो, आणि हिशेबांत फक्त तेल व डाळ लिहिली जाते. मग ‘आमचा भाव बाजारापेक्षां कमी’ म्हणून आपण अभिमान बाळगतों, आणि दोन वर्षांनीं सून थकून बसली, कीं धंदा बंद पडतो. तेव्हां म्हणावयास मोकळे, कीं आपल्या लोकांना धंदा जमत नाहीं.

वाचकांस आमची विनंति एवढीच आहे. येत्या पाडव्याला नवी वही घालतांना तींत एक रकाना जास्त आंखावा, आणि घरांतील प्रत्येक हाताची मजुरी बाजाराच्या दरानें त्यांत लिहावी. द्यावयाची कीं नाहीं, तें मागाहून पाहतां येईल. रामवाडीच्या त्या घरीं आतां ती दिलीही जाते. आम्ही निघालों तेव्हां वहिनी खिडकीच्या उजेडांत एका मुलीचा हात धरून तिला पापणीची रेघ ओढावयास शिकवीत होत्या.