गोदामातील गाडीचा न्याय्य भाव

वाटणीच्या वेळी दुकान, गोदाम आणि सोने यांचा भाव सहज ठरतो. घोडे अडते ते एखाद्या जुन्या वस्तूपाशी. समजा, एका हळदीच्या पेढीची वाटणी चालू आहे. गोदामाच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली आजोबांची १९६५ सालची फियाट ११०० वीस वर्षे उभी आहे. ती धाकट्या दिरांना हवी आहे. थोरले बंधू निवर्तल्यामुळे त्यांच्या पत्नीला निम्म्या हिश्श्याची रोकड हवी आहे. दीर म्हणतात, “वहिनी, ते निव्वळ भंगार आहे.” वहिनींनी मात्र ऐकले आहे की, अशा गाड्या लाखांनी विकल्या जातात. दोन्ही बोलण्यांत थोडे तथ्य आहे. म्हणूनच कलहाला जागा आहे.

पहिली पारख कागदाची. चासीवरील व इंजिनावरील क्रमांक आरसी पुस्तकाशी ताडून पाहावेत. ते जुळत नसतील, तर कारण कळेपर्यंत भावाची बोलणी थांबवावीत. नोंद दिवंगत व्यक्तीच्या नावे असेल, तर वारसाच्या नावे ती करून घेण्याचा खर्चही हिशेबात धरावा. पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ साली स्वतंत्र नोंदणीचे नियम केले. त्यांत नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये व मुदत १० वर्षांची ठेवली. मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा व्यवसायासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन वा रॅलीपुरतीच चालणाऱ्या गाडीला रोजच्या वाहनाचा भाव लावणे योग्य नव्हे.

दुसरी पारख पत्र्याची. या फियाटला वेगळा सांगाडा नाही. अंगाचा पत्रा हाच तिचा सांगाडा. म्हणून दारांखालच्या पट्ट्या आणि पायाखालचा तळ गंजला असेल, तर तो गाडीचा कणाच गंजला असे समजावे. मऊ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक पत्र्यावरून फिरवावे. जिथे ते धरत नाही, तिथे रंगाखाली लांबी भरलेली असण्याचा संभव असतो.

इंजिन जाम आहे म्हणून भाव एकदम पाडण्याचे कारण नाही. ते स्टार्टरने फिरवण्याचा आग्रह मात्र धरू नये. प्लग काढून सिलिंडरांत थोडे तेल सोडावे, काही दिवस थांबावे आणि मग ते हाताने फिरते का पाहावे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी तयार होत असे. त्याच घराण्याची गाडी पुढे ‘पद्मिनी’ या नावाने शतकाच्या अखेरपर्यंत निघत राहिली. त्यामुळे इंजिनाचे सुटे भाग शोधल्यास सापडतात. त्या सालची मूळ जाळी, क्रोमच्या पट्ट्या, काचा, नावाची अक्षरे मात्र दुर्मीळ. गोदामातील डबे रिकामे करण्यापूर्वी ते नीट पाहावेत. हरवलेला चिमूटभर नग कधी कधी जाम इंजिनापेक्षा महाग पडतो.

आता हिशेब. त्याचा आरंभ अशाच धावत्या गाडीच्या प्रत्यक्ष विक्रीच्या रकमेपासून करावा, जाहिरातीत मागितलेल्या रकमेपासून नव्हे. पुढील आकडे केवळ रीत दाखवण्यासाठी आहेत. धावती गाडी ५ लाखांना गेली असे धरू. पत्र्याचे काम १ लाख, रंग ८० हजार, इंजिन व ब्रेक ७० हजार, आसने, काचा व क्रोम ५० हजार. एकूण ३ लाख. उघडल्यावर निघणाऱ्या अनपेक्षित कामांसाठी चौथाई, म्हणजे ७५ हजार. उरले १ लाख २५ हजार. वहिनींचा हिस्सा ६२ हजार ५००.

येथेच प्रामाणिकपणाची कसोटी लागते. गाडीचा मूळ रंग टिकून असेल, तर जाणकार तो बदलत नाहीत. फिका पडला तरी त्याला मोल असते, कारण गाडी मूळ रूपात एकदाच असते. तो रंग तसाच ठेवण्याचा दिरांचा मनसुबा असेल, तर रंगाचे ८० हजार वजा करण्याचा त्यांना अधिकार नाही. ते वगळताच कामांचा खर्च २ लाख २० हजार आणि त्याची चौथाई ५५ हजार होते. शिल्लक २ लाख २५ हजारांवर जाते आणि वहिनींचा हिस्सा १ लाख १२ हजार ५०० होतो. न होणारा खर्च खर्चात दाखवला, तर एका शब्दाचेही खोटे न बोलता विधवा भावजयीचे ५० हजार बुडतात.

आजोबांच्या आठवणींना या हिशेबात रकाना नाही. ज्याला गाडी ठेवायची आहे, त्याने त्यांचे मोल स्वखुशीने द्यावे. दुसऱ्याने ते मागू नये.

‘एकाने भाव सांगावा, दुसऱ्याने घ्यावे की द्यावे ते ठरवावे’ ही तोड दोघांची माहिती आणि ऐपत सारखी असेल तरच न्याय्य ठरते. येथे जाण दिरांना अधिक, निकड वहिनींना अधिक. म्हणून पारखणारा मेकॅनिक वहिनींनी निवडावा आणि त्याचा मेहनताना दोघांनी निम्मा निम्मा द्यावा. वाटणीपत्रात एक कलमही घालावे: तीन वर्षांच्या आत गाडी विकली गेली, तर झालेला खर्च वजा जाता ठरल्या भावाहून जे अधिक मिळेल, ते निम्मे वहिनींचे. ज्या दिरांना गाडी खरोखर ठेवायचीच आहे, त्यांना या कलमावर सही करण्यास अडचण पडू नये.