मेंदूतली शिरगणती

परवा आमच्या आईने देवघराच्या कपाटाची किल्ली या महिन्यात चौथ्यांदा हरवली. शोधून दमल्यावर ती खाली बसली आणि म्हणाली, "डोकं संपलं रे माझं आता." माझ्या मुलीने लगेच ज्ञान पाजळलं, "अज्जी, मेंदूतल्या लाखभर पेशी रोज मरतात. मिसनी सांगितलंय!" बायको धारवाडची. ती स्वयंपाकघरातून ओरडली, "सुम्मनिरु!"

मुलगी गप्प बसली, पण माझ्या मनात आलं, या पेशी मोजल्या कुणी आणि कशा? सीमाभागातल्या माणसाला मोजणी म्हटलं की हा प्रश्न पडतोच.

बेदाणे घातलेला केक घ्या आणि त्याच्या पातळ चकत्या करा. प्रत्येक चकतीतले बेदाण्याचे तुकडे मोजून बेरीज केली, तर आकडा फुगतो, कारण एकच बेदाणा तीन-चार चकत्यांत कापला जातो. मोठा असेल तर आणखी जास्त. सूक्ष्मदर्शकाखाली मेंदूचे काप मोजणाऱ्यांची हीच अडचण होती. सपाट कापांवरून घन वस्तूचा अंदाज बांधण्याच्या या शास्त्राला १९६१ साली जर्मनीतल्या फेल्डबर्ग इथे जमलेल्या संशोधकांनी 'स्टिरिऑलॉजी' हे नाव दिलं.

खरी युक्ती आली १९८४ साली, 'जर्नल ऑफ मायक्रोस्कोपी'त. लगतचे दोन काप घ्यायचे आणि एकात दिसणारी पण दुसऱ्यात न दिसणारी पेशीच तेवढी मोजायची. बेदाणा लहान असो की मोठा, त्याचं टोक एकदाच संपतं, म्हणून तो एकदाच मोजला जातो. या पद्धतीचं नाव 'डायसेक्टर'. लेखक डी. सी. स्टेरिओ. गंमत म्हणजे या नावाचा माणूसच नव्हता! 'डायसेक्टर'ची इंग्रजी अक्षरं उलटसुलट करून ते टोपणनाव केलेलं होतं.

तोवर म्हातारपणी मेंदूच्या पेशी झपाट्याने मरतात असंच मानलं जाई. जुन्या मोजण्यांत तसं दिसायचं खरं. पण हर्बर्ट हाउग या जर्मन शास्त्रज्ञांनी दाखवलं की काप तयार करताना तरुण मेंदू म्हाताऱ्या मेंदूपेक्षा जास्त आक्रसतो. साहजिकच त्यात पेशी दाट दिसतात, आणि हा दाटपणातला फरक आपण मृत्यू म्हणून मोजतो.

पुढे १९९६ साली 'जर्नल ऑफ कम्पॅरेटिव्ह न्यूरॉलॉजी'चे संपादक क्लिफर्ड सेपर यांनी, पेशींची संख्या सांगायची तर मोजणी पूर्वग्रहरहित पद्धतीनेच हवी, असं धोरण छापलं. नियतकालिकानेच अट घातल्यावर लेखक बदलणारच. पुढच्या वर्षी गिलरी आणि हेरप यांनी त्याच नियतकालिकात उत्तर दिलं की एकाच पद्धतीची पोथी करू नका. मला दोघांचंही पटतं. 'स्टिरिऑलॉजी' हा शब्द काही निबंधांत दागिन्यावरच्या हॉलमार्कसारखा मारलेला असतो, पण काप कुठून आणि किती घेतले, हे विचारलं पाहिजेच.

आता मुलीच्या लाखाकडे येऊ. १९९७ साली पाकेनबर्ग आणि गुंडरसन यांनी डेन्मार्कमधल्या ९४ मेंदूंची मोजणी छापली. मेंदूच्या बाह्यकात स्त्रियांमध्ये सरासरी १९०० कोटी आणि पुरुषांत २३०० कोटी चेतापेशी भरल्या. वीस ते नव्वद वर्षांच्या टप्प्यात घट सुमारे दहा टक्के. भागाकार केला तर दिवसाला ऐंशी-पंच्याऐंशी हजार येतात. म्हणजे मिस फार चुकल्या नव्हत्या, पण सत्तर वर्षांत शंभरातल्या नव्वद शिल्लक राहतात, हे त्यांनी सांगितलं नाही.

मात्र म्हणून सगळंच 'वय झालं' म्हणून सोडता येत नाही. १९९४ साली वेस्ट आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये दाखवलं की आठवणींशी निगडित हिप्पोकॅम्पसच्या एका भागात अल्झायमरच्या रुग्णांच्या पेशी खूपच कमी झालेल्या असतात. नुसत्या वयाने तशी घट होत नाही. म्हातारपण आणि आजार यांतला हा फरक पेशी नीट मोजल्या म्हणूनच कळला.

आईला हे सारं समजावलं. ती म्हणाली, "म्हणजे नऊ हिस्से डोकं आहे अजून? मग किल्ली कुठाय?" किल्ली संध्याकाळी रव्याच्या डब्यात सापडली. तरीही मंगळवारी तिला डॉक्टरांकडे नेतो आहे. किती दिवसांत किती वेळा हरवली, हे ते विचारतीलच, म्हणून चारही तारखा वहीत लिहून ठेवल्या आहेत.