वीस मिनिटांची नदी

दसरा झाला की आमचे मामेसासरे वाईला जातात, आणि गेली तीन वर्षे त्यांची पाण्याची बाटली व घडीचे स्टूल वाहायला मीही जातो. मामा हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर होते. हल्ली त्यांना माझ्याखेरीज विद्यार्थी नाही, त्यामुळे सगळा राग माझ्याच वाट्याला येतो.

कृष्णेच्या अलीकडे बसायचे. समोर घाट, घाटावर ढोल्या गणपती. इंपीरियल कागदाचा पाव तुकडा, मोजके जलरंग, एक जाड कुंचला आणि वीस मिनिटे. वीसच का, असे मी पहिल्या वर्षी विचारले.

"सूर्याला विचारा, जावईबापू," मामा म्हणाले.

सूर्य तासाला १५ अंश सरकतो; वीस मिनिटांत ५. तेवढ्यात पायऱ्यांवरच्या सावल्या हलतात, आणि आठाच्या देवळाखाली नवाची नदी वाहू लागते.

माझे दुखणे निराळे. देऊळ रास्त्यांनी १७६२ साली बांधले, पुराचे पाणी दुभंगावे म्हणून मागची भिंत माशासारखी निमुळती केली, हे सारे मला चित्रात सांगायचे असते. पेशाच पडला व्याख्यानाचा! मी पायऱ्या मोजून काढतो, वाळत घातलेली धोतरेही सोडत नाही. नदीला जागा उरत नाही. मामांच्या जलरंगात पांढरा रंग नसतो. पाण्यावरची चमक म्हणजे कोरा ठेवलेला कागद. तो एकदा रंगला की गेला.

यंदा मामांनी कमाल केली. देवळाचा एक मातकट डाग, पायऱ्यांचा एक काळपट पट्टा, आणि मध्ये कोऱ्या कागदाची वेडीवाकडी फट. नदी चक्क वाहत होती. मी म्हणालो, "काय सोडलंत हो, मामा! शिखरावरची नक्षी नाही, धोतरं नाहीत..."

"कुठली धोतरं?"

मी हसलो. ते हसले नाहीत. कुंचला पुसत बसले.

"उन्हात सगळं दुधात बुडवल्यासारखं दिसतं. मोतीबिंदू. डॉक्टरांनी चैत्रातच सांगितलंय. मामीला बोलू नका."

"अहो, पण ऑपरेशन..."

"ते झालं की पुन्हा नक्षी दिसायला लागेल!" हे त्यांनी पूर येणार असल्यासारखे सांगितले.

मी फ्रान्समधल्या मोनेचा दाखला दिला. त्यानेही वर्षानुवर्षे टाळले, अखेर १९२३ साली ऑपरेशन करून घेतले, आणि नंतर पुन्हा तळ्यातली कमळे रंगवली.

"बरी आली का?" मामांनी विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता नवा कागद ताणला. मग पायरी उतरताना माझा खांदा धरला. पूर्वी कधी धरत नसत.

मी शब्द दिला होता, बोलणार नाही म्हणून. बोललो नाहीच. मामी दिवाळी अंक शब्दकोड्यापासून वाचायला घेतात; या पानावर यायला त्यांना चार दिवस तरी लागतील.