बाई कुठे आहेत? कॅम्प ५ मधल्या बायकांचा जाहीरनामा

आम्ही उल्हासनगर कॅम्प पाचच्या बायका. आमच्यात जीन्सचे धागे कापणाऱ्या आहेत, पापड करून विकणाऱ्या सिंधी आज्या आहेत, शिकवण्या घेणाऱ्या आहेत आणि विठ्ठलवाडीहून सकाळची लोकल पकडून मुंबईला जाणाऱ्याही आहेत. आमचे पक्ष वेगळे, घरातली बोलीही वेगळी. आजपासून आम्ही एक चळवळ सुरू करत आहोत. तिला अजून नाव नाही. नावावरून भांडत बसलो असतो तर हा कागद छापायला दिवाळी उजाडली असती.

आमच्या महापालिकेत ७८ जागा आहेत. त्यातल्या निम्म्या, म्हणजे ३९, कायद्याने बायकांच्या. हे ५० टक्के आरक्षण महाराष्ट्रात २०११ पासून आहे. कागदावर तक्रारीला जागा नाही, पण प्रभागात फिरून बघा. बॅनरवर फोटो नगरसेविका बाईंचा आणि मोबाइल नंबर नवऱ्याचा. कार्यालयात खुर्चीवर तोच नवरा, म्हणजे 'भाऊ'. लेटरहेड आणि शिक्का भाऊंच्या ड्रॉवरमध्ये. रहिवासी दाखल्याचा कागद घेऊन गेलं की सांगतात, "ठेवून जा, मॅडमची सही संध्याकाळी होईल." मॅडम घरी असतात आणि सही घरीच होते. पाणी आलं नाही म्हणून फोन करावा तर तो उचलणारेही भाऊच. त्यांना नळाला पाणी किती वाजता येतं हे ठाऊक नसतं, कारण रात्री उठून पाणी भरतात त्यांच्याच घरातल्या नगरसेविका!

दारात बसून धागे कापणारी बाई दिवसभर गल्लीतच असते. एका मांडीवर पँटचा ढीग, हातात छोटी कात्री, पैसे नगावर. गटार कुठे तुंबतं, कचऱ्याची गाडी कोणत्या दिवशी चुकते, डम्पिंगचा धूर कुठल्या वाऱ्याला घरात शिरतो, हे तिला तोंडपाठ आहे. तिला तिकीट द्यावं असं एकाही पक्षाच्या मनात येत नाही. निवडणूक जवळ आली की तिला हळदीकुंकवाचं बोलावणं येतं, स्टीलचा डबा मिळतो, पैठणीचा खेळ होतो. सभेला गर्दी हवी असली की टेम्पो दारात येतो.

या शहराने बायकांना पदं दिली नाहीत असं नाही. ज्योती कलानी महापौर झाल्या आणि २०१४ मध्ये आमदारही. २०१७ मध्ये मीना आयलानी महापौर झाल्या, २०१८ मध्ये पंचम कलानी. त्यांच्या कामाचा हिशेब मांडायला आम्ही बसलेलो नाही. पण तिघींच्याही घरात राजकारण आधीपासून होतं. ज्या घरात आमदार नाही, शहरप्रमुख नाही, तिथल्या बाईने वर जायचं कुठून?

विधानसभेत २८८ पैकी २०१९ मध्ये २४ बायका निवडून आल्या, २०२४ मध्ये त्याहूनही कमी. कल्याण लोकसभा मतदारसंघातून २००९ पासून एकदाही स्त्री खासदार झालेली नाही. २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीने लोकसभेत आणि विधानसभेत बायकांना एक तृतीयांश जागा दिल्या, पण जनगणना आणि मतदारसंघ पुनर्रचनेनंतरच, अशी अट घालून.

आणि आमच्याच रेल्वेमार्गावरचं बदलापूर बघा. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या शाळेत दोन लहान मुलींवर अत्याचार झाल्याचं बाहेर आलं आणि २० तारखेला लोक रुळांवर उतरले. त्याच दिवसांत वार्तांकन करणाऱ्या महिला पत्रकाराला हीन भाषेत बोलल्याच्या तक्रारीवरून एका माजी नगराध्यक्षावर गुन्हा नोंदला गेला. डिसेंबर २०२५ मध्ये अंबरनाथला तेजश्री करंजुले आणि बदलापुरात रुचिता घोरपडे थेट जनतेतून नगराध्यक्ष झाल्या. आम्हाला आनंदच झाला. पण महिना उलटला नाही तोच, जानेवारीत, त्या शाळा प्रकरणातल्या एका सहआरोपीला बदलापूर पालिकेत स्वीकृत नगरसेवक करण्यात आलं. ओरड झाली तेव्हा त्याने राजीनामा दिला. ते नाव यादीत गेलं तेव्हा त्या खोलीत "हे चालणार नाही" म्हणणारी एक तरी बाई होती का, एवढंच आम्हाला विचारायचं आहे.

आमचा खरा झगडा उरलेल्या ३९ जागांसाठी आहे. त्या स्त्री-पुरुष दोघांसाठी खुल्या आहेत, पण पक्ष त्या पुरुषांच्या मानून चालतात. सोडतीत जागा खुली झाली की पाच वर्षं राबलेल्या बाईला सांगतात, "तुमची टर्म झाली, आता भाऊंना द्या." पण राखीव जागेशिवायही बाई निवडून येऊ शकते. मृणाल गोरे १९६१ मध्ये मुंबई महापालिकेवर निवडून आल्या तेव्हा बायकांसाठी अशी राखीव जागा नव्हती. गोरेगावच्या पाण्यासाठी भांडून त्या 'पाणीवाली बाई' झाल्या.

म्हणून यापुढे कॅम्प पाचमध्ये मत मागायला येणाऱ्या प्रत्येक पक्षाला आम्ही विचारू, की खुल्या जागांवर बायका किती दिल्या आणि त्यातल्या किती जणींच्या घरात आधीच कुणी पदाधिकारी आहे. पक्षाच्या बैठका रात्री दहाला नकोत, संध्याकाळी सातच्या आत संपवा. बॅनरवर नंबर उमेदवाराचा स्वतःचा असू द्या. नगरसेविकेच्या खुर्चीवर दुसरं कुणी बसलेलं दिसलं तर आम्ही आयुक्तांकडे लेखी तक्रार देऊ, पक्ष कोणताही असो. "बाई नवीन आहे, तिला जमत नाही," हे ऐकून घेणार नाही. पुरुष काय पोटातून शिकून आले होते? तिला सभागृहाचे नियम, बजेट, टेंडर समजावून द्यायला आमच्यातल्या शिकलेल्या मुली तयार आहेत. आणि डबा, साडी, पैठणी घेऊन आलात तर हळदीकुंकू लावून घेऊ, वस्तू परत पाठवू. यावर आमच्यात बराच वाद झाला, पण ठरलं.

बायांनो, पुढच्या वेळी काम घेऊन नगरसेविकेच्या कार्यालयात जाल तेव्हा एकटीने जाऊ नका, शेजारणीला बरोबर घ्या. खुर्चीवर भाऊ असले तर नमस्कार करा आणि विचारा, "बाई कुठे आहेत? आम्हाला त्यांनाच भेटायचंय." त्या येईपर्यंत तिथेच बसून राहा.