हातवळणावर घाला

आपल्या हत्यारावर कारागिराचा हक्क कितपत आहे, हा प्रश्न आम्हांस या वर्षीं महाविद्यालयाच्या वार्षिकाचीं मुद्रितें तपासतांना पडला. भंडाऱ्यांतील ज्या लहानशा छापखान्यांत आमचें वार्षिक तयार होतें, तेथील जुळारी गेलीं तीस वर्षें हेंच काम करीत आले आहेत. लग्नपत्रिका, झाडीपट्टीच्या नाटकांचीं पत्रकें, शाळांच्या प्रश्नपत्रिका, सारें त्यांच्या हातून जातें. डोळे मजकुरावर आणि बोटें कळफलकावर, अशी त्यांची बैठक आम्हीं अनेकदां पाहिली आहे. या खेपेस मात्र ते पडद्याकडे ओशाळ्या नजरेनें पाहत बसलेले आढळले. आज्ञावलीची नवी आवृत्ति रात्रींतून आपोआप येऊन बसली होती. ओळखीच्या याद्या नाहींशा होऊन त्यांच्या जागीं नांवें नसलेलीं बारीकसारीक चित्रें आलीं होतीं. "सर, या वयांत मी पुन्हां उमेदवार झालों," असें ते म्हणाले. मुद्रितें आठ दिवस लांबलीं. त्या आठ दिवसांचें आम्हांस दुःख नाहीं. त्या वाक्याचें आहे.

कसब म्हणजे तरी काय? जें प्रथम बुद्धीनें कष्टानें शिकावें लागतें, तें पुढें बोटांत उतरतें आणि बुद्धि वरच्या कामास मोकळी होते, यालाच आपण कसब म्हणतों. आमच्याच जिल्ह्यांत आंधळगांवचा विणकर कोशाचें वस्त्र विणतो. धोटा कोठें आहे आणि पायाखालीं कोणती पावडी येते, हें तो पाहत नाहीं. त्याची दृष्टि किनारीवर असते. एके सकाळीं त्यास पावड्यांची अदलाबदल झालेली आढळली, आणि माग करणारा सुतार म्हणाला कीं, "आतां माग अधिक देखणा दिसतो," तर त्या विणकरानें त्याचे आभार मानावे काय? हातवळण हें गरीब कारागिराचें भांडवल होय. तें बँकेंत ठेवतां येत नाहीं कीं मुलाच्या नांवें करून देतां येत नाहीं. एका रात्रींत जो तें निरुपयोगी करतो, तो चोर नव्हे हें खरें. पण धन्याचा तोटा चोरीइतकाच होतो.

हें गाऱ्हाणें केवळ आमच्या आडगांवचें आहे, असें कोणी समजूं नये. २०११ च्या जूनमध्यें ॲपलनें चित्रपट-संकलकांसाठीं फायनल कट प्रो एक्स ही नवी आज्ञावली काढली. तींत मागील आवृत्तींतील अपुरीं कामें उघडेनात. अनेक कॅमेऱ्यांचें चित्रण एकत्र संकलित करण्याची सोयही प्रथम नव्हती, ती पुढच्या वर्षीं आली. ऑक्टोबर २०१८ मध्यें फोटोशॉपमध्यें एक वरकरणी क्षुल्लक बदल झाला. चित्र लहानमोठें करतांना त्याचें प्रमाण राखावयाचें असेल तर शिफ्ट कळ दाबावी, असें चित्रकारांचें बोट वर्षानुवर्षें शिकलें होतें. नव्या आवृत्तींत कळ न दाबतां प्रमाण राखलें जाऊं लागलें, आणि दाबली कीं तें बिघडूं लागलें. नवशिक्यास हें सोपें वाटेल, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु रेखाकृतींस जुनाच नियम राहिला, म्हणजे एकाच पटावर दोन कायदे झाले! पुढच्या वर्षीं जुनी रीत निवडण्याची सोय पसंतीच्या यादींत देण्यांत आली. जी सोय मागाहून देतां आली, ती पहिल्याच दिवशीं कां देतां येऊं नये?

यावर नव्याचे कैवारी म्हणतील कीं, ही म्हाताऱ्यांची कुरकुर आहे. शिशाचे खिळे जुळविणाऱ्यांनींही एके काळीं संगणकाचा राग केलाच होता. आक्षेप पोकळ नाहीं. परंतु आमच्या जुळाऱ्यांनीं तरुणपणीं खिळे सोडून संगणक हौसेनें धरला, कारण त्या बदलानें त्यांस नवें सामर्थ्य दिलें. एक शब्द गळला म्हणून सबंध परिच्छेद पुन्हां जुळविण्याची पाळी येईना. नवें सामर्थ्य येत असेल तर मनुष्य जुनी संवय टाकतो, आणि त्यानें ती टाकावीही. आमचा विरोध सामर्थ्यास नाहीं. सामानाच्या निष्कारण हलवाहलवीस आहे.

दोहोंची सांगड घालतां येते, याला मराठी टंकलेखनच साक्ष आहे. रेमिंग्टन टंकयंत्रावर तयार झालेल्या हातांपुढें १९८६ मध्यें भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी विभागानें इन्स्क्रिप्ट ही अधिक तर्कशुद्ध मांडणी ठेवली. पुढें युनिकोडनें अक्षरांचे संकेतांकच बदलले. तरीही रेमिंग्टनच्या मांडणीनें युनिकोड मजकूर लिहिण्याचीं साधनें आज उपलब्ध आहेत. आंतील यंत्र सर्वस्वीं बदललें, पण हात कायम राहिला. आणि गंमत अशी कीं, जे योजक प्रत्येक आवृत्तींत दुसऱ्यांच्या याद्या उलथून टाकतात, त्यांच्या स्वतःच्या बोटांखालील इंग्रजी कळफलक मूळ १८७० च्या दशकांतील आहे! डव्होरॅक यांच्या सुधारलेल्या कळफलकास १९३६ मध्यें पेटंट मिळालें; पण जगानें तो स्वीकारला नाहीं. स्वतःच्या संवयीचा एवढा मान राखणाऱ्यांनीं दुसऱ्याच्या संवयीस अडाणीपणा म्हणूं नये.

पूर्वीं निदान एक पळवाट होती. नवी आवृत्ति नको असल्यास विकत घेतलेली जुनी ठेवतां येई. पेजमेकरची अखेरची आवृत्ति २००१ मध्यें निघाली, तरी मराठी छापखान्यांत ती पुढें कित्येक वर्षें चालली. कारण हात तिच्यावर बसला होता. २०१३ मध्यें ॲडोबीनें आपल्या कलाविषयक आज्ञावल्यांच्या पुढील आवृत्त्या केवळ वर्गणीनें देण्याचें जाहीर केलें. आतां वर्गणी थांबली कीं हत्यार थांबतें. भाड्याच्या घरांत राहणाऱ्यास मालकीचा हक्क नसतो, हें आम्ही जाणतों. पण मालकानें रात्रीं येऊन चूल हलवूं नये, एवढें म्हणण्याचा हक्क भाडेकऱ्यासही आहे.

आमची मागणी अवाजवी नाहीं. नवी मांडणी खुशाल आणावी, पण जुनी निवडण्याची मुभा कांहीं वर्षें तरी ठेवावी. बदल पूर्वसूचनेनें व कारागिराच्या संमतीनें व्हावा, त्याच्या झोपेंत नव्हे. आणि काल केलेलें काम उद्यां उघडलेंच पाहिजे.

आमचें वार्षिक आतां छापून निघालें आहे. त्यांत संपादक मंडळाचीं नांवें आहेत, आम्हां प्राध्यापकांचीं छायाचित्रें आहेत. ज्यांनीं तें जुळविलें त्यांचें नांव कोठेंच नाहीं. हा दोष कोणत्याही आज्ञावलीचा नव्हे, आमचा आहे, आणि पुढील वर्षीं आम्ही तो दुरुस्त करूं. पण ज्याचें नांवही आपण छापीत नाहीं, त्याचा हात तरी त्याच्याजवळ राहूं द्यावा.