पिशवी

उजनीचे पाणी आल्यापासून आमच्या भागात ऊस फार वाढला. दिवाळी झाली की बीडकडच्या ऊसतोड टोळ्या येतात आणि जेऊरच्या आसपास शेतांच्या कडेला कोप्या उभ्या राहतात. गेल्या हंगामात त्यांतली एक बाई आमच्या नळावर पाणी भरायला यायची. वय असेल तीस-बत्तीस. एकदा ती कंबर धरून बसलेली पाहून सौ.ने विचारले, तर सहज म्हणाली, "पिशवी काढलीया की! दोन वर्सं झाली."

सौ. गप्प झाली. कारण तिचीही काढलेली आहे, १९९४ साली, वयाच्या चाळिसाव्या वर्षी.

तेव्हा तिला अंगावरून पांढरे जायचे. शहरातल्या एका दवाखान्यात नेले. "सूज आहे, काढून टाका, नाहीतर उद्या कॅन्सर होईल," असे सांगितले. कॅन्सर हा शब्द ऐकला आणि मी समोरच्या कागदावर सही केली. पिशवीबरोबर अंडाशयेही गेली. ही तक्रार बहुधा जंतुसंसर्गाची असते आणि औषधाने बरी होते, हे नंतर वाचले. पाळी जाण्याआधी अंडाशये काढली तर हाडे लवकर ठिसूळ होतात, हेही नंतरच कळले. २०१९ मध्ये ती न्हाणीत नुसती घसरली आणि मनगट मोडले. त्या ऑपरेशनमुळेच मोडले असे कोणी छातीठोकपणे सांगणार नाही. पण मला ती सही आठवली.

त्याच वर्षी नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा अहवाल आला. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती! पाळीत खाडा झाला की मुकादम दंड कापतो. पाण्याची, आडोशाची सोय नाही. त्यात डॉक्टरने कॅन्सरची भीती घातली की बाई तयार होते. पुढे ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठीची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करा, असे सर्व राज्यांना बजावले.

आपण म्हणतो, बिचाऱ्या अडाणी. पण मी तर बी.ए. झालेला मास्तर! जन्मभर पोरांना सांगितले, "शंका विचारा, लाजू नका." आणि बायकोच्या पोटावर सुरी चालणार होती तेव्हा माझ्या तोंडून एक प्रश्न फुटला नाही.

दोष एकट्या डॉक्टरांचा नाही. नुसत्या थकव्याला सलाईन लावत नाही तो डॉक्टर आपल्याला कच्चा वाटतो. अर्ध्या लिटरच्या साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असते, बाकी पाणी. ज्याला तोंडाने पिता येते त्याने त्यासाठी सुई कशाला टोचून घ्यायची? विषाणूच्या सर्दीवर अँटिबायोटिकचा उपयोग नाही, तरी आपणच ते मागून घेतो.

म्हणून तपासणी टाळा असे मी म्हणत नाही. रक्तदाब, साखर पाहावीच. पाळी गेल्यावर रक्त दिसले तर एक दिवस थांबू नये. पण मोठी तपासणी किंवा ऑपरेशन सांगितले की नम्रपणे चार प्रश्न विचारावेत. याची गरज काय? तोटे कोणते? साधा उपाय आहे का? थोडे थांबलो तर काय होईल? तातडीचे नसेल तर दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्यावे. चांगला डॉक्टर रागावत नाही, चांगला मास्तर शंकेवर रागावतो का?

त्या बाईच्या जावेलाही पिशवी काढायला सांगितले होते. सौ.ने तिला कोपीवर जाऊन समजावले, "आधी सरकारी दवाखान्यात दाखव, मगच ठरव." मार्चमध्ये टोळी निघून गेली. पुढे काय झाले कळले नाही. यंदा टोळी आली की सौ. विचारणार आहे.