ऐरण न पाहिलेल्यांची भाषा

काही वर्षांपूर्वी प्रथम वर्ष कला शाखेच्या उत्तरपत्रिका तपासताना आमच्यापैकी एकाने एका वाक्याखाली लाल रेघ ओढली. वाक्य साधे होते : 'भातकापणीच्या आधी आजोबा विळे शेवटून आणायचे.' समासात शेरा लिहिला गेला, 'क्रियापद चुकले. संपवून?' आणि अर्धा गुण कापला गेला. विद्यार्थी वेल्ह्याकडचा होता. त्याने तक्रार केली नाही. मराठीच्या सरांना मराठी येत असणारच, असे त्याने गृहीत धरले असावे.

शेवटणे म्हणजे झिजलेल्या, बोथटलेल्या अवजाराचे पाते तापवून, ठोकून पुन्हा पातळ करणे आणि त्याला नव्याने पाणी देणे. फाळ शेवटतात, कुऱ्हाड शेवटतात, विळा शेवटतात. एम.ए. होऊन आणि पंधरा-पंधरा वर्षे मराठी शिकवून झाल्यावर हा शब्द आम्हांला कळला, आणि तोही भट्टीसमोर उकिडवे बसलेले असताना. लाल रेघ ओढणारा आमच्यातला कोण, हे सांगण्यात अर्थ नाही. तिघांपैकी कोणीही ती ओढली असती.

गेली दोन वर्षे, पावसाळा वगळून, आम्ही तिघे शनिवारी सुरी घडवायला शिकत आहोत. भोर आणि वेल्हे यांच्या दरम्यानच्या एका गावात एक वयस्क लोहार आहेत, आम्ही त्यांना मामा म्हणतो, त्यांच्या पत्र्याच्या छपराखाली. (वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला, मामांच्या तोंडी अद्याप वेल्हेच आहे, म्हणून आमच्याही.) गावाचे नाव देत नाही, कारण त्यांनीच बजावले : "नाव छापू नका सर. लोकं नुसती बघाय येत्यात, कोयता कुनी घेत न्हाई."

स्टाफरूममध्ये या उद्योगाचे स्वागत यथायोग्य झाले. चाळिशीनंतर पुरुषांना असे काही सुचतेच, असे एक सहकारी म्हणाले. दुसरे अधिक गंभीर होते. साहित्याच्या अध्यापकाने साहित्य वाचावे, हातोडा मारण्यासाठी समाजाने अन्य माणसे नेमलेली आहेत, असा त्यांचा आशय. हे वाक्य त्यांनी थट्टेत म्हटले, पण त्यात आमच्या विषयाचे अर्धशतक सामावले आहे आणि त्याच वाक्याशी आमचे भांडण आहे.

'ऐरणीवर येणे' हा वाक्प्रचार घ्या. पाण्याचा प्रश्न ऐरणीवर येतो, शिक्षणाचा येतो, सीमाप्रश्न तर तिथेच राहायला आहे. ज्याने एकदा तरी ऐरणीसमोर उभे राहून घाव घातला आहे त्याला या वापराचे हसू येईल. ऐरणीवर लोखंड येते ते तापून येते आणि तिथे काही क्षणच असते. नारिंगीचा लाल, लालाचा काळसर होईपर्यंत जेवढे घाव बसतील तेवढे तुमचे; नंतर पुन्हा भट्टी. जे वीस वर्षे ऐरणीवर पडून आहे ते थंड लोखंड होय. त्यावर घाव घातला तर हातोडा उसळतो किंवा पाते तडकते. हा वाक्प्रचार जन्मला तेव्हा त्यात घाई होती, धोका होता. आम्ही त्यातला विस्तव काढून घेतला आणि अग्रलेखासाठी एक टेबल करून टाकले.

'पाणी' या शब्दाचे तर त्याहून वाईट झाले. कोणाचे पाणी जोखणे, आपले पाणी दाखवणे, पाणीदार माणूस हे सारे आम्ही वर्गात 'तेज' असा अर्थ सांगून मिटवतो. लोहाराचे पाणी काय असते ते पाहा. मोटारीच्या कमानपाट्याचा तुकडा घडवून झाला की पाते पुन्हा तापवायचे. किती? पुस्तक म्हणते, ७७० अंश सेल्सिअसच्या सुमारास पोलाद चुंबकाला धरेनासे होते, त्याहून थोडे वर. मामा चुंबक वापरत नाहीत. ते छपराचा कोपरा पोत्याने झाकून अंधार करतात, कारण उन्हात रंग खोटा दिसतो. मग पाते बुडवायचे. या क्षणी पोलाद कमालीचे कठीण होते आणि तितकेच ठिसूळ. आमची पहिली सुरी इथेच गेली. पाट्याचे पोलाद थंड पाण्यात सबंध बुडवू नका, तेल घ्या, असे सांगितलेले असूनही आम्ही उत्साहाने बादलीत खुपसली. काचेच्या भांड्याला बारीक तडा जावा तसा आवाज आला. मामा काही बोलले नाहीत, त्यांनी फक्त बादली सरकवून ठेवली.

ते स्वतः कोयत्याला पाणी देतात ते धारेपुरतेच. पाठ बाहेर, धार आत. मग पाते वर काढून, धारेजवळचा पट्टा विटेच्या तुकड्याने घासून लखलखीत करतात आणि थांबतात. पाठीत उरलेली उष्णता हळूहळू धारेकडे उतरते, आणि उजळ पोलादावर रंग चालत येतात : आधी वाळल्या गवतासारखा फिकट पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. पिवळ्यावर थांबवले तर धार करडी, पण गाठीवर घाव बसला की तुकडा उडेल; निळ्यावर गेले तर पाते वाकेल, पण धार टिकणार नाही. लाकूड तोडायच्या कोयत्याचे तपकिरीच्या पुढे, जांभळ्याच्या अलीकडे कुठेतरी थांबवायचे आणि त्याच क्षणी पुन्हा बुडवायचे. नुसता कठीणपणा म्हणजे पाणी नव्हे. कठीणपणातला किती सोडून द्यायचा याचा निर्णय म्हणजे पाणी. एखाद्याचे पाणी जोखणे या शब्दांत मनुष्यस्वभावाविषयी केवढे बारीक निरीक्षण आहे! आणि आम्ही 'तेज' असे लिहून देत होतो, विद्यार्थी ते पाठ करून गुण मिळवत होते.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळतो, कारण तो आमच्या अधिक जवळचा, म्हणून अधिक लाजिरवाणा आहे. पुण्यापासून दीड-दोन तासांच्या या मावळात शेतघरे झाली, त्यांच्याबरोबर छंद आले, आणि त्यांत सुरी घडवण्याचाही आला. अमेरिकेत या छंदाला मोठी परंपरा आहे : तिथल्या पातेकारांची संघटना १९७६ साली स्थापन झाली, आणि तिच्या परीक्षेत उमेदवाराने स्वतः घडवलेल्या एकाच सुरीने लोंबता दोर एका घावात कापायचा, लाकडाची फळी तोडायची, तरीही तिने हातावरचे केस भादरून दाखवायचे आणि शेवटी तीच सुरी शिकंज्यात धरून नव्वद अंशांत वाकवायची असते. या कसोटीविषयी आम्हांला आदरच आहे. तक्रार आहे ती आपल्या नवशिक्यांविषयी. ते भट्टी ऑनलाइन मागवतात, ऐरण मागवतात, चित्रफिती पाहतात आणि अस्वलाची शिकार करायची सुरी घडवतात. तीन किलोमीटरवर एक माणूस चाळीस वर्षे पोलादाचे रंग वाचत बसला आहे, याची त्यांना खबर नसते; असली तर तो 'लोकल' असतो, कोळसा कुठे मिळतो हे विचारण्यापुरता.

सुरुवात सुरीने करावी, विळा तर अडाणी अवजार, अशी आमचीही समजूत होती. ती मोडली ती पोलादानेच. पात्याची एक कड ठोकून पातळ केली की ती लांबते, आणि पाते दुसऱ्या बाजूला वाकते. सुरीची धार काढू लागलो की तिचे टोक पाठीकडे वर उचलले जाते. म्हणून आधीच उलटा बाक देऊन ठेवायचा, म्हणजे ठोकता ठोकता ती सरळ होते. हे एकदा कळले की जमते. विळ्याची धार मात्र बाकाच्या आत असते. आतली कड ठोकली की ती लांबते आणि सबंध विळा उघडू पाहतो. धार काढायची आणि बाकही राखायचा, ही दोन परस्परविरोधी कामे एकाच तापात करायची. मामा हे बोलता बोलता करतात. दुसऱ्या हिवाळ्यात आमचा जो पहिला विळा झाला तो पाहून त्यांची पत्नी (घण त्याच घालतात, पंखाही त्याच फिरवतात, आणि 'लोहार' या पुल्लिंगी शब्दात त्यांचा समावेश कोणी केलेला नाही) म्हणाल्या, "ह्यानं भात न्हाई कापायचं, कंबर खाजवायची."

आमच्या वाङ्मयात हे कुठे आहे? त्रिंबक नारायण आत्र्यांचा 'गावगाडा' १९१५चा. बलुतेदारांची मांडणी त्यातून आम्ही दरवर्षी शिकवतो. दया पवारांच्या १९७८च्या आत्मकथनाने 'बलुतं' हा शब्दच मराठी साहित्याच्या तोंडावर मारला. शेळक्यांची 'धग' आणि बोराड्यांची 'पाचोळा' या कादंबऱ्या शिंप्याच्या घरातल्या. या कृतींचे मोल आम्ही जाणतो. पण त्या शिकवताना आम्ही काय केले? व्यवसाय म्हणजे पार्श्वभूमी, दारिद्र्य म्हणजे आशय, बोली म्हणजे शैलीविशेष, अशी खाती पाडली. कष्टकऱ्याचे दुःख आम्हांला समजते असा आमचा दावा होता. त्याची बुद्धी आम्ही कधी तपासायलाच घेतली नाही. बलुतेदार शोषित होता हे सांगणे सोपे आहे आणि खरेही आहे. तो विचार करत होता, दर तापात निर्णय घेत होता, हे सांगण्यासाठी आधी ते निर्णय काय होते हे कळावे लागते.

आणि अभिमानाचे काय? राजगड-तोरण्याच्या पायथ्याशी तलवारीवरच्या भाषणांना तोटा नाही. दख्खनच्या पोलादाचे नमुने १७९४ साली मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉटने लंडनला पाठवले, पुढल्या वर्षी त्यांवर रॉयल सोसायटीत निबंध वाचला गेला, पुढे फॅरडेनेही त्या पोलादावर प्रयोग केले, हे सारे सांगून टाळ्या मिळतात. शिवकालीन राजव्यवहारकोशात शस्त्रवर्ग असा स्वतंत्र विभाग आहे, तेही खरे. पण मराठ्यांच्या सरळ पात्याच्या तलवारीला 'फिरंग' म्हणत, कारण तिचे पाते बहुधा फिरंग्यांकडून, युरोपातून येई. पूर्वजांना ते नाव घेण्याची लाज वाटली नाही. उसने ते उसने म्हणत त्यांनी पाते मुठीत बसवले. आमचे उलट. तलवारीचा जयजयकार मोठ्याने, आणि पोलादाला 'तिखे' असा स्वतःचा मराठी शब्द होता हे वर्गात साठातल्या एकालाही ठाऊक नाही. आम्हांलाही नव्हते.

तलवार वंद्य आणि कोयता निंद्य, ही तर गेल्या काही वर्षांतली नवी वाटणी. ऊसतोडीत 'एक कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मजुरीचे आणि उचलीचे एकक. या दोन शब्दांत एक अख्खी अर्थव्यवस्था आहे. २०२२-२३पासून पुण्याच्या वर्तमानपत्रांनी त्याच शब्दाला 'गँग' जोडली. गुन्हे घडले हे खरेच. पण वेल्ह्याचा मुलगा रूमवर राहायला येताना आईने नारळ सोलायला दिलेला कोयता पिशवीच्या तळाशी लपवतो, याची जबाबदारी भाषेवर काहीच नाही काय? शस्त्र नियम, २०१६ हे नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्यांना शस्त्र मानताना घरगुती आणि शेतीच्या कामासाठी घडवलेल्यांना वगळतात. (नवशिक्यांनी हे वाचून ठेवावे.) कायद्याला जो भेद करता आला तो मथळे लिहिणाऱ्या आमच्याच माजी विद्यार्थ्यांना करता आला नाही.

एक आक्षेप उरतो, तो खरा आहे. ज्या जातीवर हे काम लादले गेले तिच्या मुलांनी ते सोडले, आणि आता आम्ही पांढरपेशे ते छंद म्हणून उचलतो आहोत. मामांचा मुलगा शिरवळला कंपनीत आहे. त्याने भट्टीवर बसावे असे आम्ही एकदा आडून सुचवले, तेव्हा मामांनी सांडशी खाली ठेवली. "सर, तुमचा मुलगा बसवता का?" आमच्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही. बलुत्याचे धान्य सुगीला मागत फिरण्यातला अपमान त्यांच्या वडिलांनी पाहिला होता. ती व्यवस्था गेली ते उत्तम झाले. पण व्यवस्था जावी म्हणून ज्ञानही जावे लागते, असे कोणी ठरवले? आम्ही दर शनिवारी शिकवणीची फी देतो, ती मामांनी ठरवलेली आहे आणि आमच्या एका तासिकेच्या मानधनापेक्षा कमी नाही. पहिल्यांदा ती घेताना ते संकोचले. व्याख्यानाचे मानधन घेताना आमच्यापैकी कोणी संकोचल्याचे स्मरत नाही.

अभ्यासक्रमात दहा गुणांचा एक प्रकल्प असावा, विद्यार्थ्याने गावातल्या एका कारागिराकडे आठ दिवस काम करावे आणि तिथली क्रियापदे लिहून आणावीत, असा प्रस्ताव आम्ही ठेवला होता. नामे नकोत, क्रियापदे; नामांचे संग्रहालय होते, क्रियापदे करून पाहावी लागतात. बैठकीत प्रस्ताव 'स्तुत्य' ठरला आणि मूल्यमापनाच्या अडचणीमुळे बाजूला पडला. तेव्हा गुणांशिवायच गेल्या पौषात सहा विद्यार्थी बरोबर आले. त्यांतल्या दोघांना पंखा किती वेगाने फिरवायचा हे सांगावे लागले नाही. तिसरी, भोरजवळची, आमची सांडशी धरण्याची पद्धत पाहून तोंडाला ओढणी लावून हसत होती. विचारल्यावर म्हणाली, तिच्या आजीच्या माहेरी भट्टी होती, पण हे ती कॉलेजात कोणाला बोलली नव्हती. तिच्या वहीत त्या दिवशी एकोणीस क्रियापदे होती. त्यांतली अकरा आम्ही तिला विचारून समजून घेतली.